लेक गॉथ आहे, पण गॉथ मंडळीच तिला परकी ठरवतात

पत्र: मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर इंग्लंडमध्ये लीड्सला स्थायिक झाले. नवऱ्याचे आईवडील जमैकाहून इथे आलेले. आमची सतरा वर्षांची लेक दोन वर्षांपासून गॉथ आहे : काळे कपडे, जाड तळव्यांचे बूट, तसलंच उदास, गूढ रॉक संगीत. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात एक मुलगा तिला म्हणाला, “गॉथ पांढरेफटक असतात. तुझं हिपहॉप शेजारच्या हॉलमध्ये.” एका मुलीनं न विचारता तिच्या केसांत हात घातला. चुलतभाऊ म्हणतात, गोऱ्यांची नक्कल करतेस. माझी आई फोनवर म्हणते, आधीच रंग असा, त्यात काळं कशाला? आईचंही अगदीच चूक नाही. लेक आता खोलीबाहेर येत नाही. हा नाद सोड, असं तिला सांगू का?
— एक आई, लीड्स

उत्तर:

नका सांगू. त्या मुलानं तिला दाराबाहेर काढायचा प्रयत्न केला. तुम्ही “सोड” म्हणालात तर ते काम तुमच्या हातून पुरं होईल.

तुमच्या पत्रातलं “आईचंही अगदीच चूक नाही” हे वाक्य आम्हाला फार लागलं, म्हणून सुरुवात घरापासून. संक्रांतीला हौसेनं काळी चंद्रकळा नेसणाऱ्या घरांत काळ्या कपड्यांना कुणाची हरकत नसते. हरकत आहे ती नातीच्या कातडीला. मुलीला ते बरोबर कळतं. पुढच्या फोनला, ती ऐकत असताना, आईला स्पष्ट सांगा : “आई, तिच्या रंगावर बोलायचं नाही. कपडे आवडले नाहीत तर तसं सांग, रंग मध्ये आणू नकोस.” आईला वाईट वाटेल, एखादा आठवडा अबोला धरतील. चालेल. बाहेरच्यांशी भांडायचं बळ मुलीला घरातूनच मिळायचं आहे.

आता तो मुलगा. ज्या वारशाच्या नावावर तो तिला हुसकावतो, तो त्याला ठाऊक नाही. स्क्रीमिन जे हॉकिन्स हा अमेरिकेतला काळा गायक १९५० च्या दशकातच मंचावर शवपेटीतून बाहेर यायचा, हातात कवटी घेऊन गायचा. तेव्हा गॉथ हा प्रकार जन्मलाही नव्हता. गॉथ निघाला तो पंक या बंडखोर रॉक संगीतातून, आणि लंडनच्या रॉक्सी क्लबात १९७७ मध्ये पंकांसाठी तबकड्या लावणारा डॉन लेट्स जमैकन आईबापांचा मुलगा. पंकच्या तबकड्या तेव्हा मोजक्याच निघालेल्या, म्हणून तो जमैकाचं रेगे आणि त्याचंच घुमणारं रूप डब लावायचा. बाउहाउस या इंग्लिश बँडच्या १९७९ च्या पहिल्या गाण्यातला घुमणारा, रिकामा प्रतिध्वनी याच डबमधून आलेला, आणि गॉथची सुरुवात सहसा त्या गाण्यापासून धरतात. एक्स-रे स्पेक्स या पंक बँडची गायिका पॉली स्टायरीन सोमाली बापाची लेक. चुलतभावांना स्किन या रॉक गायिकेचं नाव सांगा : तिच्या आईवडिलांचं मूळही जमैकाचंच, आणि १९९९ च्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवात शेवटच्या रात्री मुख्य मंचावर तिचा बँड स्कंक अनान्सी होता. ती कुणाची नक्कल करत होती?

पण हे सगळं मुलीकडून पाठ करून घेऊ नका. दारात “तीन बँडची नावं सांग” अशी परीक्षा घेतली जाते ती तिच्यासारख्यांचीच. उत्तर दिलं की चौथा प्रश्न येतो. उत्तरच द्यायचं नाही. “मी तिकीट काढून आले आहे” एवढं म्हणायचं आणि पाठ फिरवायची.

केसांत हात घालणं वेगळं आणि गंभीर. “हात काढ”, मोठ्यानं, एकदाच, हसून न घालवता. परवानगीशिवाय अंगाला हात लावणं इंग्लंडच्या कायद्यात गुन्हा ठरू शकतं. मग थेट दारावरच्या रक्षकाकडे जायचं. त्याच्या अंगावर परवान्याचा बिल्ला दिसायलाच हवा, त्यावरचा क्रमांक टिपून घ्यायचा. रक्षकानं लक्ष दिलं नाही तर तक्रारीत तोच क्रमांक उपयोगी पडतो.

जाण्याआधी आयोजकांची वर्तनाची नियमावली वाचा. “सर्वांचं स्वागत” एवढंच असेल तर ती बिनकामाची. वर्णद्वेषाचं नाव घेतलेलं हवं, आणि तक्रार कुणाकडे करायची तेही लिहिलेलं हवं. जाकिटांवरच्या नाझी खुणाही तिला ओळखता याव्यात : बारा आऱ्यांचं काळं सूर्यचक्र (हे नाझींच्या वेवेल्सबुर्ग किल्ल्यातल्या फरशीवरून उचललेलं), हिटलरच्या एसएस दलाची कवटी, ८८ हा आकडा (इंग्रजीतलं आठवं अक्षर H दोनदा, हिटलरच्या जयजयकाराची आद्याक्षरं). “धक्का द्यायला घातलंय” ही सबब सत्तरच्या दशकातल्या पंकांपासून चालत आली आहे. ती ऐकत बसू नये, तिथून निघावं आणि आयोजकांना कळवावं.

इंग्लंडमधल्याच बेकप शहरात २००७ मध्ये सोफी लँकॅस्टर या मुलीला केवळ गॉथ पोशाखामुळे जिवानिशी मारलं. तेव्हापासून दिसण्यावरून होणारे हल्ले हा या मंडळींच्या काळजावरचा घाव आहे. म्हणूनच त्यांच्याकडून जास्त अपेक्षा करायची. गोरा गॉथ घरी जाऊन काजळ पुसू शकतो, तुमच्या लेकीला तशी सोय नाही.

सजण्याबद्दल थोडं, कारण बहुतेक मुली “पांढरेफटक”च्या टोमण्यानंतर पांढरा फाउंडेशन आणतात. गडद त्वचेवर तो राखेसारखा दिसतो, मानेपाशी रेघ उमटते, घाम आला की चट्टे पडतात. त्याची गरजच नाही. स्वतःच्या छटेचा मॅट बेस, पापणीवर आधी प्रायमर, मग ठसठशीत काजळ आणि वर जांभळा किंवा चंदेरी रंग. हे तिच्या चेहऱ्यावर जास्त उठून दिसेल. केस उभे करायला इतरांना उलटं विंचरून स्प्रेचा अर्धा डबा संपवावा लागतो, तिच्या कुरळ्या केसांना मुळात तो उठाव आहे. ब्लीच मात्र टाळा. असे केस वळणावळणावर नाजूक असतात, तिथेच तुटतात, आणि केस सरळ करायचं रसायन आधी लावलेलं असेल तर पुंजकेच हातात येतात. रंग हवाच तर रंगीत कृत्रिम केस वेण्यांत गुंफावेत. काळा डाय लावायचा असेल तर ४८ तास आधी त्वचेवर चाचणी, आणि कधी काळ्या मेंदीचा टॅटू काढला असेल तर जास्तच जपून.

लंडनमध्ये २०१७ पासून डिकॉलनाइज फेस्ट हा पंकांचा मेळावा भरला आहे, गोरे नसलेल्यांनीच उभा केलेला. असं काही जवळपास असेल तर एकदा घेऊन जा. आपल्यासारखी दहा माणसं एका खोलीत दिसणं तिला फार गरजेचं आहे.

खाणं-झोप दोन आठवडे बिघडलेलीच राहिली तर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे न्या. तुमच्याशी बोलवत नसेल तर मुलांसाठीच्या चाइल्डलाइन या हेल्पलाइनचा ०८०० ११११ हा क्रमांक तिच्या वयाला चालतो.

राहिली तक्रार. आयोजकांना मेल लिहा : तारीख, वेळ, हॉलमधली जागा, जसेच्या तसे शब्द, कोण साक्षीला होतं, आणि चौदा दिवसांत उत्तराची मागणी. कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायला सांगा, बऱ्याच ठिकाणी ते काही आठवड्यांत पुसलं जातं, त्यामुळे आजच लिहायला बसा. पोलिसांकडे नोंद १०१ वर किंवा ट्रू व्हिजन या द्वेषगुन्ह्यांच्या संकेतस्थळावर होते. पण मेल पाठवण्याआधी लेकीला वाचायला द्या. ती नको म्हणाली तर पाठवू नका. मजकूर तिच्याकडेच ठेवा, कधी पाठवायचा ते तिला ठरवू द्या.