डिकीचा पत्रा गंजला, आता गाडी विकू का?

मालवणहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "माझी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. नोव्हेंबर 2027 ला आरसीची 15 वर्षं पुरी होतील, म्हणजे अजून 19 महिने आहेत. घरची खानावळ आहे, पहाटे लिलावावरची मासळी मी याच गाडीतून आणतो. परवा स्टेपनी बाहेर काढली तर खालचा पत्रा गंजून हातात आला. एक जण फायबर लावून एम-सील भरायचे 2,500 सांगतो. ओळखीचा डेंटिंगवाला गंजका भाग कापून नवा पत्रा जोडायचे 9,000 म्हणतो. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट 38,000 चं आहे. मुलाचं म्हणणं, जीएसटी कमी झालाय, एक्स्चेंजला 65,000 मिळतायत, नवीनच घेऊया. ऑन-रोड साडेसात लाख. एफडीतले 85,000 काढायचे आणि 6 लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी, 7 वर्षांसाठी. एफडी सगळी मिळून 1,20,000 ची आहे. सीझनमध्ये महिन्याला 40 हजारांच्या आसपास सुटतात, पावसाळ्यात घरखर्च कसाबसा निघतो. काय करू?"

नमस्कार. आधी माझं मत सांगतो: चासी, म्हणजे गाडीचा भार पेलणारा सांगाडा, शाबूत असेल तर 9,000 चं काम करून घ्या आणि नवी गाडी नोव्हेंबर 2027 पर्यंत पुढे ढकला. चासी गेली असेल तर या गाडीवर 2,500 सुद्धा घालू नका. म्हणून पहिला खर्च दुरुस्तीचा नाही, तपासणीचा.

ज्याने एस्टिमेट दिलं नाही अशा मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवा. त्याचे चार-पाचशे रुपये आनंदाने द्या. स्टेपनीचा खड्डा हा नुसता पत्रा आहे, तो कापून बदलता येतो. पण त्याच्या दोन्ही बाजूंनी चासीच्या पोकळ पट्ट्या मागे जातात, आणि मागच्या शॉकअपचे वरचे टोक जिथे बसतात तिथे सगळा भार येतो. तिथे जाड स्क्रू-ड्रायव्हर ठोकून आणि दाबून बघायला सांगा. चांगल्या लोखंडावर टणक आवाज येतो. सडलेल्यावर आवाज बसका येतो, पापुद्रे गळतात आणि टोक आत जातं. मागच्या सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसलेत तेही बघायला लावा. आमच्या घरच्या जुन्या गाडीची चटई मी स्वतः उचलली होती. वरून पाच रुपयांच्या नाण्याएवढा तांबूस डाग दिसत होता, आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर खालचा रस्ता दिसला.

त्याच गाडीमुळे मी तुम्हाला 2,500 च्या कामाला नको म्हणतोय. आम्हीही तेव्हा स्वस्तात फायबर लावून घेतलं होतं. जिवंत गंजावर फायबर चिकटवलं की मधे ओल अडकते आणि पत्रा आतल्या आत खात जातो. वरून रंग चकचकीत, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दुसऱ्या पावसाळ्यात फायबरचा अख्खा तुकडा स्टेपनीसकट खाली लोंबला, आणि कापायचा भाग पहिल्यापेक्षा तिप्पट झाला होता. एक गोष्ट पैशांच्या पलीकडची: सायलेन्सर त्याच पत्र्याखालून जातो. भोक उघडं राहिलं तर धूर गाडीत शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागे मुलं बसत असतील तर हे काम उद्यावर टाकू नका. (दुसऱ्या कुणाच्या डिकीत सीएनजीची टाकी असेल तर ती याच तळाला बोल्टने कसलेली असते. त्यांनी जुगाडाचा विचारही करू नये.)

38,000 चं एस्टिमेट खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते अख्खा पॅनल बदलणार, रंगही जुळवून देणार. पण 65,000 च्या गाडीला, तेही चटईखाली जाणाऱ्या भागाला, रंग जुळवण्याचे पैसे का द्यायचे?

9,000 च्या कामात मात्र घासाघीस पैशांची करू नका, कामाची करा. गंज घासून त्यावर पत्रा ठेवायचा नाही, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं. पत्रा 20 किंवा 22 गेजचा हवा. वेल्डिंग सीओटू गॅसचं, कारण साध्या आर्कच्या कांडीने एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतात. पेट्रोलची टाकी शेजारीच असते, त्यामुळे टाकी उतरवून किंवा नीट झाकून आणि बॅटरीची वायर काढूनच काम व्हायला हवं. ते कसं करणार हे त्याला आधीच विचारा, त्याच्या उत्तरावरून कारागीर कळतो. मग दोन्ही बाजूंनी एपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलर, आणि खालून अंडरकोटिंग. नुसता रेड ऑक्साइडचा तांबडा रंग मारून तुमच्या खाऱ्या हवेत भागणार नाही. प्रायमर मारल्यावर, अंडरकोटिंगच्या आधी, स्वतः जाऊन बघा. काळा थर चढल्यावर खाली टाके कसे मारलेत ते कुणालाच दिसत नाही. अंडरकोटिंगचे 1,500 वेगळे धरले तर तपासणीसकट खर्च 11,000 होतो.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येऊ. त्याचं सगळंच चुकलेलं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, वरचा सेसही गेला, ही बचत खरी आहे. पण तो दर काही पावसाळ्यापुरती सवलत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी आजच धावायचं कारण नाही.

6 लाखांना साडेनऊ टक्क्यांनी 7 वर्षांचा हप्ता साधारण 9,800 येतो. एकूण व्याज सव्वादोन लाखांच्या घरात. नुसत्या पहिल्या 19 महिन्यांचं व्याज बघितलं तरी 83,000 च्या आसपास जातं. उलट बाजूला, थांबलात तर दुरुस्तीचे 11,000 जातील, आणि जुन्या गाडीची किंमतही उतरेल. हे उतरणं लोक धरत नाहीत, आपण धरू. आज 65,000 आहेत, आरसी संपताना 40,000 मिळतील असं समजा. म्हणजे 25,000 चं नुकसान. दोन्ही मिळून 36,000, महिन्याला 1,900 च्या आतच. नव्या गाडीचा पूर्ण विमा आणि पहिल्या दोन वर्षांत उतरणारी तिची किंमत मी अजून मोजलेलीच नाही.

पण मला खरी काळजी व्याजाची नाही, जून-जुलैची आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, किल्ल्याची होडी बंद, आणि तुम्हीच लिहिलंय की तेव्हा घरखर्च जेमतेम निघतो. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून जाणार. एफडीतून 85,000 काढल्यावर हाताशी 35,000 उरतात. दोन हप्ते आणि डीप फ्रीझरचा एखादा कॉम्प्रेसर, एवढ्यात ते संपतात. मग बायकोच्या पाटल्या गहाण पडतात. किनाऱ्यावरच्या चांगल्या चाललेल्या खानावळी अशा एका पावसाळ्यात अडचणीत आलेल्या मी बघितल्यात, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. एफडीला हात लावू नका.

त्याऐवजी सीझनच्या महिन्यांत 8,000 बाजूला काढा. जून ते सप्टेंबर काहीच भरायचं नाही, म्हणून आरडी नको, वेगळं बचत खातं उघडा आणि जमेल तशा छोट्या एफडी करत जा. नोव्हेंबर 2027 पर्यंत असे 11 महिने मिळतात, म्हणजे 88,000. जुन्या गाडीचे 40,000 धरले तर सव्वा लाखाच्या वर डाउन पेमेंट जमतं, आणि आजची एफडी जिथल्या तिथे राहते. हे 8,000 तुम्हाला सीझनमध्ये जड गेले, तर 9,800 चा हप्ता बारमाही झेपला नसता हेही आपोआप कळेल. मुलाला या हिशेबात घ्या, खातं त्याच्याबरोबर संयुक्त उघडा. गाडीची हौस त्याला आहे, तर जमवण्यातही त्याचा हात असू दे.

आरसीचं एक लक्षात ठेवा. दिल्ली परिसरातल्या वयाच्या बंदीच्या बातम्या ऐकून इथले लोक घाबरतात, पण महाराष्ट्रात 15 वर्षं झाली म्हणून गाडी बाद होत नाही. तपासणी पास झाली तर 5 वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. मोटारीला त्याची फी 5,000 आहे, शिवाय पर्यावरण कर. तो खर्च या गाडीवर करायचा का, हे तेव्हा पुन्हा रॅम्पवर चढवून ठरवू. आज त्यासाठी एक पैसाही धरू नका.

विम्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. गंज ही झीज समजली जाते, त्याचा क्लेम मिळत नाही. आणि खासगी गाडीच्या पॉलिसीत व्यवसायाचा माल वाहणं वगळलेलं असतं. मासळीचे टब मागे असताना अपघात झाला तर क्लेम अडू शकतो. पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी एजंटला हे स्पष्ट विचारा. आणि 2027 ला गाडी घेताना मुलाला हॅचबॅक हवी असली, तरी खानावळीला कदाचित एक जुना छोटा टेम्पो जास्त उपयोगी पडेल, त्याचाही भाव काढून ठेवा.

पत्रा गंजला तो मुख्यतः बर्फाच्या पाण्याने. टबातून झिरपणारं ते पाणी खारं, ते चटईखाली साठतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात जाऊन बसतं. नवा पत्रा बसल्यावर काठ असलेला जाड प्लास्टिकचा ट्रे टाका, त्यात टब ठेवा. रोज परतल्यावर डिकी गोड्या पाण्याने धुऊन, खड्ड्यातलं रबरी बूच काढून, झाकण उघडं ठेवून वाळू द्या. मागच्या दिव्यांचे आणि डिकीच्या झाकणाचे रबरही बघून घ्या, पावसाचं पाणी तिथूनच आत येतं. आणि पुढे गाडी विकताना घेणाऱ्याला हा जोड दाखवा. पाच-सात हजार कमी आले तरी चालतील, गंज झाकून विकू नका.

पाऊस दोन महिन्यांवर आलाय, त्यामुळे रॅम्पची वेळ याच आठवड्यात ठरवा. शॉकअपच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर डेंटिंगवाल्याला काहीही सांगू नका, मला कळवा. मग 65,000 ची एक्स्चेंज, अधिकृत स्क्रॅप केंद्राचा भाव आणि एखादी तीन-चार वर्षं वापरलेली गाडी, या तिन्हींचा हिशेब मी तुमच्या एफडीला धक्का न लावता मांडून देतो.