बाळंतपणानंतरचं हार्ट फेल्युअर आणि इतर हार्ट फेल्युअर, यांत जीन्सच्या पातळीवर फरक असतो का?

तुमच्या वहिनींना बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात हार्ट फेल्युअर झालं, काकांचंही हृदय कमकुवत आहे, मग दोघांचा आजार एकच का, असं तुम्ही विचारलंय. मी रबाळ्याच्या एका लॅबमध्ये आरएनएवर, म्हणजे जीन चालू झाला की पेशीत निघणाऱ्या त्याच्या प्रतीवर, काम करते. शिवाय कळव्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळ महिन्याचं होतं तेव्हा ती तीन उश्या लावून बसल्या बसल्या झोपायची. आडवी झाली की खोकला यायचा. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. घरात सगळे म्हणत होते, बाळंतिणीला थकवा येतोच, डिंकाचा लाडू खा. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तेव्हा ईएफ (हृदय एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) 30 निघाला.

आता जीन्सचं. जीन असणं वेगळं आणि तो चालू असणं वेगळं. रात्री ऐरोलीच्या पुलावरून समोरच्या इमारती बघा. घरं कालचीच असतात, पण दिवे कुठे लागलेत ते रोज वेगळं. जीन एक्स्प्रेशन मोजणं म्हणजे हे लागलेले दिवे मोजणं.

घरांपुरतं, म्हणजे जीन्सपुरतं बोलायचं तर दोन आजार बरेच जवळचे आहेत. 2016 साली बाळंतपणाच्या हार्ट फेल्युअरच्या 172 स्त्रियांचे जीन्स तपासले, तेव्हा 26 जणींमध्ये स्नायूंच्या प्रथिनांचे जीन्स मध्येच तुटलेले सापडले. त्यांत सर्वांत जास्त टायटिन या जीनचे. हृदय पसरून ढिलं पडतं त्या डायलेटेड कार्डिओमायोपथीतही साधारण एवढंच प्रमाण आढळतं.

दिव्यांची, म्हणजे कुठले जीन्स चालू-बंद होतात त्याची, गोष्ट मात्र वेगळी. 2007 साली हॅनोव्हरच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयपेशींतला स्टॅट-3 हा जीन काढून टाकला. त्या माद्यांना पिल्लं झाल्यावर हृदयविकार जडला. स्टॅट-3 नसला की पेशीवरचा ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, कॅथेप्सिन-डी हे विकर वाढतं आणि ते दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनचे तुकडे करतं. त्यातला 16 किलोडाल्टनचा तुकडा हृदयाच्या केशवाहिन्या मारतो. पुढे 2013 मध्ये दिसलं की हाच तुकडा रक्तवाहिन्यांच्या पेशींत मिर-146ए हा छोटा आरएनए वाढवतो, आणि तो हृदयपेशींत शिरून त्यांचे जीन्स दाबतो. बाळंतपणाचं हार्ट फेल्युअर झालेल्या बायकांच्या रक्तात हा आरएनए वाढलेला होता, डायलेटेड कार्डिओमायोपथीच्या रुग्णांत नव्हता. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर हेच.

म्हणूनच प्रोलॅक्टिन कमी करणारं ब्रोमोक्रिप्टिन काही जणींना देतात. त्याने दूध बंद होतं आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून सोबत रक्त पातळ करणारं औषध लागतं, त्यामुळे तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच. गरोदरपणात बीपी वाढलेल्यांना धोका का जास्त, त्याचाही एक धागा आहे. वारेतून येणारं एस-एफएलटी-1 हे प्रथिन नव्या केशवाहिन्यांना लागणारा संदेश अडवतं, आणि प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणातल्या वाढत्या बीपीच्या आजारात, ते खूप वाढतं.

एक गोष्ट मात्र कुठलाही असा अभ्यास वाचताना विसरू नका. हृदयाचा तुकडा तपासायला मिळतो तो बहुतेकदा हृदय बदलताना किंवा पंप बसवताना, म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्यात. त्या वेळी कारण काहीही असो, थकलेलं हृदय तेच करतं: हृदयावर ताण आला की सुटणाऱ्या बीएनपी या संप्रेरकाचा जीन जोरात, पेशीतल्या साठ्यात कॅल्शियम परत ओढणाऱ्या सर्का या प्रथिनाचा मंद. वीज गेल्यावर सगळ्या घरांत सारखेच इमर्जन्सी दिवे लागावेत तसं. शेवट सारखा दिसला म्हणून सुरुवातही सारखी, असं होत नाही. आणि ज्या बऱ्या होतात त्यांची हृदयं या मोजणीत येतच नाहीत. अमेरिकेतल्या 100 जणींच्या एका अभ्यासात वर्षभरानंतर सुमारे 72 टक्के स्त्रियांचा ईएफ 50 किंवा त्याहून वर आला होता. माझ्या बहिणीचा आठ महिन्यांत 52 झाला. गोळ्या मात्र तिने मनाने बंद केल्या नाहीत, आणि दुसऱ्या बाळाचा विषय निघाला तेव्हा आधी डॉक्टरांना विचारलं.

शेवटचं, काकांबद्दल. ते तुमच्या बाजूचे, वहिनींशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. विचारायचंच तर वहिनींच्या माहेरी विचारा: आई, मावशी, मामा, कुणाचं हृदय मोठं झालं होतं का, कुणी कमी वयात अचानक गेलं का. उत्तर हो आलं, तर टायटिनच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि त्यांच्या भावंडांचाही एकदा इको करून घ्या.