कच्चं वाचून दाखवायला कुणी आहे का?

‘मॅडम, लिहायला बसलं की काही सुचतच नाही. माझ्यातलं लिखाण संपलं, असं वाटतंय.’

मे-जून उजाडला, दिवाळी अंकांचे संपादक कथा-लेख मागायला लागले, की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास ऐकू येतं. कधी घर-संसार सांभाळून कथा लिहिणाऱ्या बाईकडून, कधी एकांकिका लिहिणाऱ्या कॉलेजच्या मुलाकडून, तर कधी निवृत्तीनंतर आठवणी लिहायला घेतलेल्या एखाद्या आजोबांकडून. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्यांचं वर्ष या अंकांभोवती फिरत आलं आहे. त्यामुळे लिखाण अडल्याची टोचणीही याच दिवसांत जास्त लागते.

इतक्या जणांशी बोलून माझं एक मत पक्कं झालं आहे. अडलेल्या लेखकाकडे शब्दांचा तुटवडा क्वचितच असतो. तुटवडा असतो तो त्याचं कच्चं लिखाण ऐकणाऱ्या माणसाचा. हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते एका ताईंच्या बाबतीत. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते.

ताई पंचेचाळिशीच्या, सरकारी कार्यालयात नोकरीला. त्यांचा पहिला कथासंग्रह आला, त्याचं कौतुक झालं, जिल्ह्यात सत्कारही झाला. त्यानंतर दोन वर्षं एकही कथा नाही. संपादकांना आधी ‘देते’, मग ‘तब्येत बरी नाही’, आणि शेवटी फोन न उचलणं. नव्या वह्या मात्र घरात येत राहिल्या.

“लिहायला बसता तेव्हा नेमकं काय होतं?” मी विचारलं.

“पहिलं वाक्य लिहिते. मग वाटतं, हे काही बरोबर नाही. खोडते. दुसरं लिहिते, तेही खोडते. मग उठते आणि ओटा पुसायला लागते.”

“बरोबर नाही, असं कुणाला वाटतं?”

ताई थोड्या थबकल्या. मग पर्समधून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. त्यांच्या पुस्तकाचं परीक्षण होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की आता या लेखिकेकडून अपेक्षा वाढल्या आहेत. ती ओळ त्यांना पाठ होती. लिहिणाऱ्यानं मनापासून केलेलं कौतुक त्यांनी दोन वर्षं हुकूम म्हणून वागवलं होतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते आणि लेखकांच्या बाबतीत तिचा मला फार उपयोग होतो. कथा चांगली व्हावी, ही इच्छा आहे. ती हवीच, तिच्याशिवाय कुणी खोडून पुन्हा लिहिणार नाही. पण ‘ती चांगली व्हायलाच पाहिजे, नाहीतर मी लेखिका म्हणवून घ्यायला नालायक’, हा हट्ट आहे. इच्छा माणसाला टेबलापाशी बसवते आणि हट्ट त्याला उठवतो. पहिल्या काही भेटींत आम्ही हेच उलगडत होतो. ताईंना ते पटलं, त्यांनी स्वतःच्या शब्दांत मला समजावूनही सांगितलं. कागद मात्र कोरा तो कोराच. डोक्याला पटल्याबरोबर हात चालायला लागत नाही.

मग एका भेटीत मी विचारलं, “पहिल्या संग्रहातल्या कथा छापून यायच्या आधी कुणी वाचल्या होत्या?”

त्यांचा चेहराच बदलला. “वाचल्या नाहीत, ऐकल्या. आमच्या ऑफिसातली मैत्रीण. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडायची आणि मी वही. नाही आवडलं तर लोणच्याची फोड तोंडात टाकून म्हणायची, ‘इथं मला झोप आली बाई.’ मग मी तेवढा भाग घरी जाऊन बदलायचे.”

“आता?”

“तिची बदली झाली. पुस्तक आलं त्याच वर्षी.”

“मग दुसऱ्या कुणाला?”

“आता असं कच्चं कसं दाखवणार? लोक लेखिका म्हणून ओळखतात.”

इथं मला सगळं लख्ख दिसलं. आम्ही दोघीही समजत होतो की यशानंतर दडपण आलं म्हणून लिखाण थांबलं. दडपण खरं होतंच. पण त्याच सुमारास त्यांचा एक हाडामांसाचा श्रोता गेला, आणि त्या रिकाम्या खुर्चीवर एक कल्पनेतला परीक्षक येऊन बसला. परीक्षकाला कधी झोप येत नाही आणि तो कधी हसतही नाही. त्याला तर्कानं हुसकावणं अवघड जातं. त्या खुर्चीवर पुन्हा खरं माणूस बसवणं सोपं.

ताईंच्या गावातल्या वाचनालयात लिहिणारे काही जण महिन्यातून एकदा जमत. ताईही जात, पण मान्यवर म्हणून. लिखाण अडलंय, हे त्यांनी तिथं कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या बैठकीत एवढंच सांगा.

“लोक म्हणतील, बाई एका पुस्तकातच संपली.”

“म्हणतील कदाचित. म्हटलं तर काय होईल?”

“वाईट वाटेल.”

“वाईट वाटणं तुम्हाला झेपतं का?”

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “झेपतं. गेली दोन वर्षं तेच तर करतेय.”

त्यांनी सांगितलं. संपली असं कुणीच म्हणालं नाही. एका कवीनं कबूल केलं की वर्षभर त्यालाही एक ओळ सुचलेली नाही. आणि शाळेतून निवृत्त झालेले, मुलांसाठी गोष्टी लिहिणारे एक सर म्हणाले, “गुरुवारी घरी या. वही आणू नका.”

त्या गुरुवारचं वर्णन मला आधी ताईंनी आणि पुढे सरांनीही ऐकवलं. सरांनी टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला होता. म्हणाले, “मागे चहाच्या वेळी तुम्ही आत्याच्या गिरणीचं काहीतरी सांगत होतात. तेवढं सांगा. मी उतरवून घेतो.” ताई अवघडल्या, पण सांगायला लागल्या. नवरा गेल्यावर आत्यानं गावातली पिठाची गिरणी स्वतः चालवायला घेतली, तिथून सुरुवात झाली. सर मान खाली घालून लिहीत होते आणि मधूनमधून एकच विचारत होते, “मग?” एकदा ताई म्हणाल्या, “हे कथेत नाही बसणार.” सर म्हणाले, “बसवायचंय कुणाला? मग?”

निघताना सरांनी ते कागद त्यांच्या हातात दिले. पुढच्या भेटीला ताई ते घेऊन माझ्याकडे आल्या. एका बाजूला आठवीची जुनी प्रश्नपत्रिका, दुसऱ्या बाजूला सरांचं अक्षर, घाईत एकमेकांना चिकटलेलं. जिथं हात मागे पडला तिथं त्यांनी रेघ मारून जागा सोडली होती. एके ठिकाणी कंसात ‘इथं ताई हसल्या’ असंही होतं. आणि साऱ्या समासांत, ओळींच्या मध्ये, सोडलेल्या जागांत लाल शाई. ‘गिऱ्हाईक नको, आत्या दळणवाले म्हणायची.’ ‘पट्टा निसटला की आधी पदर खोचायची, मग हात घालायची.’ ‘चिमटीत पीठ धरून बघायची, जाडसर लागलं तर एक शब्द न बोलता पुन्हा दळायची.’

“हे लाल शाईतलं कुणी लिहिलं?”

“मीच. सरांचं थोडं चुकलं होतं, म्हणून घरी गेल्यावर…”

त्या मध्येच थांबल्या. कागद उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, “म्हणजे मी लिहिलं.”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण फार वाट्याला येत नाहीत. मी काहीच बोलले नाही. त्या वाचत राहिल्या, आणि वाचता वाचता माझ्याच टेबलावरचं पेन उचलून त्यांनी आणखी एक ओळ दुरुस्त केली.

त्यांना मी नंतर धुळ्याच्या तुरुंगाची आठवण करून दिली. १९३२ साली विनोबा तिथं दर रविवारी सहकैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. आज घराघरात असलेली ‘गीता प्रवचने’ अशी कागदावर आली. बोलणारा एक आणि लेखणी दुसऱ्याची, यात कमीपणा कसला?

ताईंची कथा त्या वर्षीच्या दिवाळी अंकात आली नाही. त्यांनी संपादकांना स्वतःहून फोन करून ‘यंदा नाही’ असं सांगितलं, आणि हा खरेपणा मला कथेइतकाच मोलाचा वाटतो. कथा पुढच्या वर्षी पूर्ण झाली. त्याआधी सरांच्या घरी तिचे तीन-चार खर्डे वाचून झाले. तो परीक्षक अजूनही अधूनमधून येतो, पण आता त्यांना तो ओळखू येतो.

आता लेखकमित्रांसाठी थोडं, कारण मदत करायची इच्छा असूनही ती नेमकी कशी करायची हे पुष्कळांना कळत नाही. अडलेल्या माणसाला ‘किती झालं?’ विचारू नका, हट्टाला तेवढंच खाद्य मिळतं. ‘छान आहे’ म्हणून मोकळेही होऊ नका. ‘छान’ म्हटल्यावर पुढची ओळही छानच लिहावी लागते. पीटर एल्बो हे अमेरिकेतले लेखनाचे शिक्षक. १९७० च्या दशकापासून ते लिहिणाऱ्यांच्या छोट्या गटांबद्दल एक गोष्ट सांगत आले: ऐकणाऱ्यानं न्यायनिवाडा करू नये, ऐकताना आपल्या मनात काय काय झालं तेवढं सांगावं. कुठे कान टवकारले, कुठे लक्ष उडालं, कुठलं चित्र डोळ्यांपुढे राहिलं. ताईंची ती डबेवाली मैत्रीण कुठलंही पुस्तक न वाचता अगदी हेच करत होती. सल्ला देण्याचा मोह मात्र आवरा. ‘मी असतो तर शेवट असा केला असता’, या वाक्यानं कथा ऐकणाऱ्याची होते आणि लिहिणाऱ्याचा हात सुटतो.

गट लहान ठेवा. मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या परिच्छेदाला अंगठे आणि फुलं मिळतात, श्रोता मिळत नाही. दोन-तीन माणसं, ठरलेला वार, आणि वाचायचं ते कच्चंच, एवढा नेम पुरे. पुण्यात १९२३ साली माधव जूलियन, यशवंत, गिरीश यांच्यासारखे कवी एकत्र येऊन एकमेकांना कविता वाचून दाखवत, त्यातून रविकिरण मंडळ उभं राहिलं. नामवंत कवींनाही समोर बसलेला कान हवा असे, मग आपण लाजायचं कशाला?

एक सावधगिरी मी प्रत्येकाला सांगते. तीच गोष्ट दहा जणांना सांगत सुटू नका, सांगण्यातच तिची ओढ संपते. एकाला सांगा आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी कागद घ्या. आणि लिखाणच काय, जेवण, झोप, माणसं, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर त्याला लिखाण अडणं म्हणू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं.

‘पण आमच्याकडे लिहिणारं कुणीच नाही’, असं पुष्कळ जण म्हणतात. गावातल्या वाचनालयात ग्रंथपालांना विचारून बघा, कोण कोण लिहितं ते त्यांना बहुतेक ठाऊक असतं. तेही नाही जमलं तर दूरच्या लेखकमित्राला फोन करा, आणि तो उतरवून घेऊ शकत नसेल तर बोलणं रेकॉर्ड करून स्वतः उतरवा. फोन करताना ‘माझं लिखाण अडलंय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि मदत म्हणून फक्त अर्धा तास ऐकायला मागा.