पोदेराचा भोंगा

प्रिय बाय,

तुझा निरोप मिळाला. ‘सर, पावसात धावण्याचा एक दिवस चुकवला नाही, आणि आता थंडीत अंथरुणातून उठवत नाही.’ हसलो. पणजीत जानेवारीतही पहाटे पारा विसाच्या आसपास असतो. दिल्लीची पोरं सहा-सात अंशांत धावतात. त्यांच्यापुढे हिला थंडी म्हणू नकोस.

पण तू आळशी झालीस असं मला वाटत नाही. तुला अडवतोय तो काळोख. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, आता सात वाजतात. आणि गंमत बघ, सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरला येऊन जातो, तरी सूर्योदय पुढेच सरकत राहतो. तो सर्वांत उशिरा होतो जानेवारीच्या उत्तरार्धात. तुझा पाचचा गजर जूनमध्ये झुंजुमुंजूच्या जरा आधी वाजायचा, आता तो भर रात्री वाजतो. गजर तोच ठेवून स्वतःला दोष देत बसलीस, एवढंच तुझं चुकलं.

म्हणून मोबाइलचा गजर बंद कर. पणजीतल्या तुमच्या मळा वाड्यावर सव्वासहाला पोदेर, आपला पाववाला, भोंगा वाजवत येतो ना? त्याचा पों-पों ऐकू आला की घराबाहेर. कपडे रात्रीच खुर्चीवर, बूट दाराशी. ‘जाऊ की नको’ हा प्रश्न मनात यायच्या आत तू गल्लीच्या टोकाला असायला हवीस. तिथून परतावंसं वाटलं तर खुशाल परत. दहा मिनिटं धावून मागे फिरायची मुभा मी स्वतःलाही देतो. फिरलो असेन वर्षातून दोन-तीनदा. रविवारच्या लांब पल्ल्याला काळोखात निघावंच लागेल. तेव्हा चकाकणारा पट्टा घाल, समोरून येणारी वाहनं दिसतील अशी रस्त्याची उजवी कड धर, सोबत कुणी असू दे. कुत्री अंगावर आली तर पळू नकोस, चालायला लाग.

आता दुसरी गोष्ट, जी तू लिहिली नाहीस पण मला ठाऊक आहे. आपल्याकडचा हिवाळा रात्री जागवतो. जत्रा, जत्रेतलं नाटक, त्याच्या तालमी, नाताळ, लग्नं, पौषात मांडावर बायकांचे रात्रीचे नाच-गाणे, म्हणजे धालो. तुझी मावशी धालोत पुढे असते, तू मागे राहणार थोडीच! आणि राहूही नकोस. धावण्यासाठी गाव सोडणारे धावपटू मला कधी आवडले नाहीत. फक्त तालीम रात्री एकला सुटली तर दुसऱ्या दिवशी सकाळी झोप, संध्याकाळी धाव. झोप चोरून केलेला सराव अंगी लागत नाही, उलट पोटरी धरते. आठवड्यातले चार दिवस पक्के ठेव, कुठले ते जत्रा ठरवू दे.

मी मात्र चोविसाव्या वर्षी नेमका उलटा मूर्खपणा केला. डिसेंबरातली शर्यत झाली आणि पुढे काही नाही म्हणून जानेवारीभर बूट पायात घातलेच नाहीत. दोन आठवडे पूर्ण थांबलं की दम उतरायला लागतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास पुन्हा सुरुवात केली ती घामाच्या धारांत, आणि जुना वेग यायला पावसाळा उजाडला. तूही डिसेंबरात वास्कोची रिव्हर मॅरेथॉन धावलीस. त्यानंतर एक आठवडा नुसतं चालायला हरकत नव्हती. तुझे तीन झाले!

खरं तर आपल्या हवेत पाया घालायचे महिने हेच. पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, कोरडा असतो. घाम सुकतो, अंग थंड राहतं, त्यामुळे मे महिन्यात ज्या वेगाला छाती धपापते त्याच वेगाला आता गप्पा मारता येतात. तहान मात्र कमी लागते, म्हणून आठवणीने पाणी पी. पहिला किलोमीटर अगदी रेंगाळत जा, आखडलेले स्नायू मोकळे होऊ देत.

वाट म्हणून पणजीतल्या पाटोकडून पूर्वेला रायबंदरचा रस्ता धर. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला तो लांब पूल, सुमारे तीन किलोमीटर, सपाट, बाजूला मिठागरं. जाताना पूर्वेचा वारा तोंडावर घेशील, दमून परतताना तो पाठीशी असेल. या दिवसांत पाण्यात बाहेरून आलेले पक्षी उतरलेले असतात. घड्याळाकडे बघण्यापेक्षा ते बघ. निदान महिनाभर तरी वेगाचे आकडे मला पाठवू नकोस.

शनिवारी मी रायबंदरच्या टोकाला स्कूटर लावून थांबतो, पाण्याची बाटली माझ्याकडे असेल. निघताना पोदेर भेटलाच तर माझ्यासाठी चार उंडे, ते गोल पाव, घेऊन ठेवायला आईला सांग. परतताना तुमच्याकडे चहाला येतो.

तुझे,
सर