पहिली इम्पॅक्ट गन : हवेची की बॅटरीची?

प्रश्न : मेकॅनिक मोटर व्हेईकल या ट्रेडमधून आयटीआय पूर्ण करून मी गेले आठ महिने कराडजवळच्या एका गॅरेजमध्ये काम करीत आहे. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर आहे, परंतु नट सोडवण्या-आवळण्याची हवेची इम्पॅक्ट गन एकच असल्यामुळे ती बहुतेक वेळा आमच्या उस्तादांच्या हातात असते. स्वतःची गन घेण्यासाठी मी 12,000 रुपये साठवले आहेत. ‘128 व्होल्ट, 1000 न्यूटन-मीटर’ असे लिहिलेली बॅटरीची गन साडेतीन हजारांत ऑनलाइन मिळते, असे एका मित्राने सांगितले. रविवारी मी गावी ओळखीच्या लोकांच्या गाड्यांची कामेही करतो. कोणती गन घेणे योग्य ठरेल? (एक वाचक, कराड)

उत्तर : तुमच्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर आहे, ही एकच गोष्ट या प्रश्नाचा निकाल लावण्यास पुरेशी आहे. अर्धा इंची ड्राइव्हची (म्हणजे सॉकेट बसते त्या चौकोनी टोकाचे माप), ट्विन हॅमर पद्धतीची, म्हणजे आत दोन हातोडे असलेली हवेची गन घ्यावी आणि तीवर साठवलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक खर्च करू नये. उरलेले पैसे कशासाठी राखायचे, ते पुढे येईलच.

प्रथम मित्राने सुचवलेल्या गनविषयी. बॅटरीच्या बहुतेक गनमध्ये अंगठ्याएवढ्या जाडीचे, 18 मिलिमीटर व्यासाचे आणि 65 मिलिमीटर लांबीचे लिथियम सेल असतात. एका सेलचे सरासरी व्होल्टेज 3.6 असते, म्हणजे असे पाच सेल एकापुढे एक जोडले की 18 व्होल्ट मिळतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ते 21 पर्यंत जातात. खरोखरच 128 व्होल्ट हवे असतील, तर पस्तीसहून अधिक सेल लागतील आणि नुसत्या सेलचेच वजन दीड किलोच्या पुढे जाईल. मित्राने सुचवलेल्या गनची बॅटरी कोठे मिळाली तर हातात घेऊन पाहा. ती मुठीत मावत असेल, तर त्यावरचा आकडा हा केवळ छपाईचा आकडा आहे. ज्याने व्होल्टेज असे लिहिले, त्याने टॉर्कही, म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये मोजला जाणारा नट फिरवण्याचा जोरही, तसाच लिहिला असणार, असे मानण्यास हरकत नाही.

नामांकित कंपन्यांच्या माहितीपत्रकातही आकडे जपून वाचावे लागतात, कारण तेथे अनेकदा दोन टॉर्क दिलेले असतात. उदाहरणार्थ, मकिटाच्या डीटीडब्ल्यू 300 या बॅटरीच्या गनचा आवळण्याचा टॉर्क 330 न्यूटन-मीटर आहे, तर घट्ट नट सोडवण्याचा 580. दोन गनची तुलना करताना एकीचा पहिला आकडा दुसरीच्या दुसऱ्या आकड्याशी लावला, तर निष्कर्ष चुकणारच. गरज किती, हेही पाहू. छोट्या मोटारींच्या चाकांचे नट साधारणपणे 85 ते 120 न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. परंतु दोन पावसाळे खाल्लेला किंवा आधीच्या कोणी पायाने दाबून आवळलेला नट सोडवताना याच्या दुप्पट-तिप्पट जोर लागतो आणि पुढच्या एक्सलचा हब नट तर मुळातच त्याहून जास्त आवळलेला असतो. म्हणून सोडवण्यासाठी प्रत्यक्षात 400 ते 500 न्यूटन-मीटर देणारी गन मोटारींच्या कामाला पुरते. ट्रकच्या चाकांसाठी मात्र पाऊण इंची किंवा एक इंची गनच लागते. तो मोह आत्ता नको.

गन नवी असूनही ‘मारत नाही’ अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा दोष गनमध्ये नसून पाइपमध्ये असतो. अशा गनना साधारण 90 पीएसआय दाब लागतो आणि तो टाकीच्या मीटरवर नव्हे, तर ट्रिगर दाबलेला असताना गनच्या तोंडाशी मिळायला हवा. पाव इंची बारीक, दहा ठिकाणी वळलेला लांब पाइप असेल, तर टाकीत 120 दिसत असतानाही गनपाशी हवा उपाशीच पोहोचते. एकदा गनच्या तोंडाशी छोटा गेज लावून ट्रिगर दाबून पाहा. काटा धाडकन खाली आला, तर उस्तादांना सांगून आतून तीन-अष्टमांश इंची पाइप बसवून घ्या. टाकीतले पाणी रोज, पावसाळ्यात तर दोनदा, काढावे आणि सकाळी काम सुरू करण्यापूर्वी गनच्या हवेच्या तोंडात न्यूमॅटिक ऑइलचे चार-पाच थेंब सोडावेत. तेथे इंजिन ऑइल घालण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु ते घट्ट असते आणि आतल्या पात्यांना चिकटते.

आता उरलेल्या पैशांविषयी. आयटीआयनंतर घेतलेली चकचकीत क्रोमच्या गोट्यांची (सॉकेटची) पेटी तुमच्याकडे असेलच. ती हाताने वापरण्यासाठी उत्तम आहे, परंतु गनवर लावू नये. त्या कठीण पोलादाच्या पातळ गोट्या हातोड्यासारख्या माराने तडकतात आणि तुकडा डोळ्याच्या दिशेनेही उडू शकतो. गनसाठी क्रोम-मॉलिब्डेनमच्या, जाड भिंतीच्या काळ्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या मिळतात. सगळा संच घेण्याची गरज नाही. 17, 19 आणि 21 मिलिमीटरच्या खोल गोट्या घेतल्या तरी चाकांचे बहुतेक काम भागते. सोबत साधा गॉगल घ्या.

राहिलेली रक्कम टॉर्क रेंचसाठी, म्हणजे ठरावीक टॉर्कपर्यंतच आवळता येणाऱ्या पान्यासाठी, ठेवा. माझ्या मते गन ही सोडवण्यासाठीच असते. चाक बसवताना नट हाताने धरून तीन-चार आटे फिरवावा, मग समोरासमोरच्या क्रमाने टेकवून घ्यावा आणि गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या आकड्यापर्यंत आवळावा. गनने कचकचून आवळलेल्या नटामुळे स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणला जातो, कधी ब्रेक डिस्कही वाकते, आणि रस्त्यात चाक पंक्चर झाल्यावर गाडीमालकाला तो नट हाताने सुटत नाही.

रविवारच्या कामांसाठी बॅटरीची गन आत्ता घेऊ नये. अर्धा मीटर लांबीच्या टॉमीच्या (नट सोडवण्याच्या दांड्याच्या) टोकावर साठ किलो वजनाच्या माणसाने भार दिला, तर सुमारे 290 न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो आणि गावातल्या चार-पाच चाकांसाठी तो पुरेसा आहे. गाडी जॅकवर चढवण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच नट पाव आटा सैल करून घ्यावा. पुढे गावाकडची कामे वाढली आणि हाताशी आणखी रक्कम आली, तर ज्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर कोल्हापूर किंवा साताऱ्यात आहे, तिचीच बॅटरीची गन पक्क्या बिलावर घ्यावी, कारण अशा गनमध्ये आधी थकते ती बॅटरी आणि तिच्या जागी दुसरी मिळाली नाही, तर गन पेटीत पडून राहते.