विषम तारखेचे तोफगोळे

प्रश्न : माझी मुलगी पीएच.डी.साठी तैवानला, शिन्चूला चालली आहे. टीव्हीवर सारखी चिनी विमानं आणि अमेरिकी जहाजं दाखवतात. तिथल्या लोकांना भीती वाटत नाही का? चीनमध्ये जायचं की स्वतंत्र व्हायचं, हे त्यांचं एकदाचं ठरत का नाही?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, शिन्चूत मी नऊ वर्षं राहिले. पहिल्याच वर्षी आमच्या घरमालकीण आजींना मी हेच विचारलं होतं. त्या कांद्याची पात चिरत होत्या. सुरी पुढे धरून म्हणाल्या, "ही तोफगोळ्याच्या पोलादाची आहे."

आजी किनमेनच्या. हे बेट तैवानच्या ताब्यात, पण चीनच्या शियामेन शहरासमोर, अगदी नजरेच्या टप्प्यात. 23 ऑगस्ट 1958 पासून 44 दिवसांत चीनने त्यावर साडेचार लाखांहून जास्त गोळे टाकले. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. पुढे नेम ठरला : विषम तारखेला तोफा, सम तारखेला शांतता. म्हणजे बाहेरची कामं सम तारखेला. नंतरच्या गोळ्यांतून प्रचारपत्रकं यायची. हे चाललं थेट 1979 पर्यंत. त्या वर्षी 1 जानेवारीला अमेरिकेने बीजिंगच्या चिनी सरकारला मान्यता दिली आणि त्याच दिवशी गोळाबारी थांबली. ते आठवताना आजींचा आवाज चढायचा. त्यांच्या छपरावर काय पडणार, याचा निर्णय दोन दूरच्या राजधान्यांत झाला होता.

त्याच आजींचे भाऊ आज शियामेनला बोटीने बाजाराला जातात. अर्ध्या तासाचा प्रवास. 2018 पासून किनमेनला पाणीही चीनमधून नळाने येतं. म्हणून 'तैवानी लोक चीनचा द्वेष करतात' असं कुणी म्हटलं, तर मला ते पटत नाही.

आता ठरण्याचं. तैपेईच्या नॅशनल चेंगची विद्यापीठात 1990च्या दशकापासून लोकांना विचारत आले आहेत : तुम्ही स्वतःला कोण मानता, आणि पुढे काय हवं? 'आम्ही फक्त तैवानी' म्हणणारे 1992 मध्ये 18 टक्क्यांहून कमी होते, आता 60च्या वर आहेत. 'फक्त चिनी' म्हणणारे पाव हिश्शावरून दोन-तीन टक्क्यांवर आले. आणि तरीही लगेच स्वातंत्र्य जाहीर करा म्हणणारे थोडेच. बहुसंख्य लोक या ना त्या रूपात 'जैसे थे' निवडतात. याला गोंधळ म्हणू नका. आपला राष्ट्राध्यक्ष, आपलं पारपत्र, आपलं मत हे सगळं हातात आहे. स्वातंत्र्याची घोषणा केली तर बळ वापरू, असं चीनने 2005 मध्ये कायद्यातच लिहून ठेवलंय. अमेरिकेचा 1979चा कायदा शस्त्रं देण्याचं बोलतो, लढायला येण्याचं वचन देत नाही. अशा जागी उभं राहून दिलेलं उत्तर आहे हे.

धाकाने मत वळतं, असंही नाही. 1996 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक होती. चीनने बेटाजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागली. ज्यांच्यावर चीनचा रोष होता ते ली तेंग-हुई 54 टक्के मतं मिळवून निवडून आले.

भीती वाटते, ताई. 2024 पासून मुलांची सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवरून वर्षाची झाली, तेव्हा आजी नातवाच्या काळजीने दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. तरी तिसऱ्या दिवशी पहाटे भाजीला गेल्याच.

मुलीला एक सांगून ठेवा. दरवर्षी, बहुधा जुलैत, हवाई हल्ल्याचा सराव असतो. भोंगा वाजतो, फोनवर इशारा येतो, अर्धा तास रस्ते रिकामे. पहिल्यांदा मी जिन्यात बसून रडले होते. तेव्हा आजींनी शेजारी बसून संत्रं सोलून दिलं होतं.