बेवाकाशा नक्की कधी म्हणायचं? (आणि बेसेदेर, स्लिखा वगैरे)

तुम्ही विचारलंय की भाऊ केअरगिव्हरच्या कामासाठी इस्रायलला चाललाय, त्याने वहीत हिब्रूतलं बेवाकाशा म्हणजे प्लीज असं लिहून घेतलंय, मग क्लिपमध्ये दुकानदारच गिऱ्हाइकाला बेवाकाशा का म्हणतोय. वही चूक नाहीये, अर्धी आहे. मागताना बेवाकाशा, कुणी तोदा म्हणजे थँक्यू म्हटलं की त्यावरही बेवाकाशा, हातात चहाचा कप देताना बेवाकाशा म्हणजे "घ्या", आणि दुकानदार "केन, बेवाकाशा" म्हणतो ते आपल्याकडच्या "हं, बोला" सारखं. केन म्हणजे हो. मूळ धातू विनंतीचा आहे पण रोजच्या बोलण्यात दर वेळी तो अर्थ नसतो, प्रसंग बघून समजायचं.

स्लिखाचंही तसंच. बसमध्ये वाट काढताना स्लिखा, पाय पडला तरी स्लिखा, आणि शेवटी सूर वर नेला की "स्लिखा?" म्हणजे "काय म्हणालात?". रांगेत मधे घुसणाऱ्याला जोरात ऐकवतात तो पण स्लिखाच, तिथे माफीबिफी काही नसते :)

आता बेसेदेर. बे म्हणजे मध्ये, सेदेर म्हणजे क्रम, व्यवस्था, म्हणून शब्दशः "व्यवस्थित". पेसाह या यहुदी सणाच्या रात्रीचं जे सेदेर नावाचं विधींचं जेवण असतं त्यातला हाच शब्द, आणि प्रार्थनेचं पुस्तक सिद्दूर तेही याच धातूचं, आपल्या मराठी यहुदी, म्हणजे बेने इस्रायल मंडळींना दोन्ही घरचेच. बोलताना मात्र हे ठीक, बरं, चालेल, कळलं अशा सगळ्या जागी बसतं, ओकेपेक्षा मला ते आपल्या "बरं"च्या जास्त जवळचं वाटतं. "हाकोल बेसेदेर?" म्हणजे सगळं ठीक ना. आणि "यिहये बेसेदेर" म्हणजे "होईल हो सगळं नीट", हे इतकं तोंडात बसलेलं आहे की 1992 साली पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी लष्करी अधिकाऱ्यांपुढच्या भाषणात याच दोन शब्दांच्या ढिसाळ वृत्तीवर टीका केली होती. म्हणजे आपल्याकडचं "चलता है".

भावाला कामाच्या दृष्टीने मी याआधी दुसरेच शब्द पाठ करायला सांगेन. आजोबांना "मा कोएव लेखा?" आणि आजींना "मा कोएव लाख?" म्हणजे काय दुखतंय. लेआत लेआत म्हणजे हळूहळू, आपल्यासारखंच दोनदा म्हणतात, जिन्यावर धरून उतरवताना हेच लागणार. मायिम म्हणजे पाणी. रेगा म्हणजे एक मिनिट थांबा, त्याबरोबर पाची बोटांची टोकं एकत्र जुळवून वर करून हात हलवतात, तो हात बघून कुणी रागावलंय असं समजू नका.

पुरुषाशी आणि बाईशी बोलताना रूप बदलतं याला लोक घाबरतात पण आपल्याला त्यात काय नवीन, आपण करतोस करतेस रोज म्हणतोच की. "मला पाहिजे" हे तो "अनी रोत्झे" म्हणणार, बहीण "अनी रोत्झा". फरक एवढाच की "तू" सुद्धा दोन, पुरुषाला अता, बाईला अत. आणि तुम्ही, आपण वगैरे रोजच्या बोलण्यात नाहीच, डॉक्टरलाही अता, ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही अता, सुरुवातीला जीभ अडखळते पण त्यात अपमान कुणी मानत नाही.

गंमत अशी की अनी म्हणजे मी, आणि मी म्हणजे कोण! "मी अता?" म्हणजे तू कोण? पहिले काही दिवस डोकं फिरणार. उलट काही शब्द फुकटात मिळतात, साबोन म्हणजे साबण, सुकार म्हणजे साखर, अनानास म्हणजे अननस, आणि हॉटेलात बिल मागायचं तर "खेशबोन, बेवाकाशा", हा खेशबोन आणि अरबीतून आपल्याकडे आलेला हिशेब एकाच सेमिटिक धातूचे. तो ख मात्र आपल्या खडूतला नाही, घसा खाकरल्यासारखा घशातून काढायचा, स्लिखा आणि लेखामधलाही तोच. आणि तोदा म्हणताना जोर शेवटच्या दा वर द्या.